आधी अंगठा

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले गिटारवादनाचे ध्वनिमुद्रण दोनदा ऐकले. बोटे चपळ आहेत. परंतु चाल अवघड वळणावर आली की अंगठा तिच्यासाठी थबकतो, आणि तेथेच ब्लूज, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ते लोकसंगीत, हातातून निसटते. म्हणून पुढील काही महिने मिसिसिपी जॉन हर्ट या जुन्या ब्लूज गायक-गिटारवादकाखेरीज कोणाचेही वादन बसवू नकोस.

त्यांचा अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने, प्रत्येक मात्रेला एक आघात असा पडत राहतो. तर्जनी आणि मध्यमा मात्र वरच्या तारांवर गाण्याची चाल काढताना कधी मात्रेवर, तर कित्येकदा दोन मात्रांच्या मध्ये उतरतात, आणि ऐकणाऱ्यास दोन वादक शेजारी बसल्याचा भास होतो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील ॲव्हेलॉन या त्यांच्या खेड्यात नाचाच्या बैठकींना वाजवून हे कसब मुरले आहे. माणसे नाचत असताना अंगठा थांबवण्याची सोय कोठून असणार? त्याच राज्यातील डेल्टा या सखल प्रदेशातले ब्लूजगायक चार्ली पॅटन किंवा सन हाउस यांच्या खरखरीत गायकीची सवय झालेल्या कानांना हर्ट यांचा आवाज प्रथम फार सौम्य वाटेल. वाटू दे.

१९२८ मध्ये ओके या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी त्यांनी मेम्फिस व न्यूयॉर्क येथे गायलेल्या ध्वनिमुद्रिका फारशा खपल्या नाहीत. पुढे मंदी आली आणि ते शेतमजुरीतच राहिले. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या ब्लूजच्या चाहत्याने त्यांना शोधून काढले ते न्यूयॉर्कच्या मुक्कामात घराच्या ओढीने गायलेल्या एका गाण्यातील गावाच्या नावावरून. तेव्हा सत्तरीला आलेल्या हर्ट यांच्याजवळ स्वतःची गिटारही नव्हती. त्याच वर्षी ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून गेले आणि १९६६ मध्ये निवर्तले. ही हकिकत लोक परीकथेसारखी सांगतात, त्याचा मला राग येतो. मधली पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या शेतांत आणि गुरांमागे गेली, हे त्या सांगण्यात हरवते. तरीही १९२८ आणि १९६३ नंतरची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐक: लय किंचित संथावली आहे, पण अंगठा तोच आहे.

पुढच्या खेपेस चाल वाजवूच नकोस. केवळ अंगठा चालू ठेवून गाणे तोंडाने म्हण, आणि घरातील कोणास तरी त्या ठेक्यावर खोलीभर चालून पाहण्यास सांग. पाऊल जेथे अडखळेल, ती जागा मला कळवण्याआधी दुरुस्त कर.

तुझा शुभचिंतक