सरकारी निर्णय एआयकडे दिले तर सत्ताविभाजनाला धक्का बसतो का?

हो, बसतो. सत्ताविभाजन म्हणजे कायदा करणं, तो राबवणं आणि निवाडा देणं ही कामं वेगवेगळ्या हातांत ठेवणं. ऑस्ट्रेलियातलं 'रोबोडेट' प्रकरण बघा, म्हणजे जादा दिला गेलेला सरकारी भत्ता संगणकाच्या हिशेबाने परत वसूल करायची योजना. ते खरं तर एआयही नव्हतं, साधा स्वयंचलित हिशेब होता. तरी एवढं नुकसान झालं.

तिथे बेरोजगार भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. संगणक मात्र आयकर खात्यातला वर्षाचा आकडा घेऊन त्याला सरळ 26 ने भागायचा. समजा, कुणी सहा महिन्यांत 26,000 डॉलर कमावले आणि पुढचे सहा महिने नोकरी नसताना भत्ता घेतला. संगणकाच्या लेखी तो वर्षभर दर पंधरवड्याला 1,000 कमावत होता, म्हणून भत्ता परत करा! आणि देणं लागत नाही हे सिद्ध करायचं त्यानेच, जुन्या पगाराच्या पावत्या शोधून.

म्हणजे संसदेने केलेला नियम प्रोग्रामने परस्पर बदलला आणि निवाडाही तिथेच झाला. कायदा करणं, राबवणं, निवाडा देणं, तिन्ही कामं एकाच खात्यात. अपील न्यायाधिकरणातल्या सदस्यांनी 2017 पासूनच ही वसुली चूक ठरवली होती, पण सरकारने त्याविरुद्ध कोर्टात जायचं टाळलं, त्यामुळे सगळ्यांना बांधील असा निकालच लागेना. अखेर नोव्हेंबर 2019 मध्ये फेडरल कोर्टात ती बेकायदा ठरली. तोवर लाखो गरिबांना नोटिसा गेल्या होत्या, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: नोटिशीवर कायद्याचं कलम, हिशेब आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव हवंच, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबायला हवी.