इंदूरच्या सराफ्यात खाण्याची दुकाने दिवसा का दिसत नाहीत?

कारण राजवाड्यालगतचा सराफा हा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार आहे. पेढ्यांची शटरे खाली ओढली गेल्यावर, म्हणजे साधारणपणे रात्री आठ-नऊनंतर, त्यांच्याच पुढ्यात खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात आणि ती मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू असतात. आम्ही इंदूरकर लहानपणापासून हे पाहत आलो आहोत. बंद पेढ्यांसमोर रात्रभर वर्दळ राहिली की चोरीची धास्ती कमी होते, म्हणून सराफांनीच या विक्रेत्यांना पुढ्यात बसू दिले, असे जुनी मंडळी सांगतात, आणि एकच जागा दोन व्यापारांना पाळीपाळीने पुरते हा व्यवहारही त्यात आहेच. त्यामुळे दुपारी चार वाजता गेलात, तर वजनकाट्यांखेरीज फारसे काही दिसणार नाही. दहानंतर मात्र त्याच जागी दुधात शिजणारा भुट्ट्याचा कीस आणि कढईतून निघणारे भलेमोठे जलेबे दिसतील (एक जलेबा एकट्याने संपवण्याच्या भरीस पडू नये). एवढेच लक्षात ठेवावे की गराडू, म्हणजे तळून वर मसाला आणि लिंबू मारलेला कंद, हा थंडीतला पदार्थ आहे; उन्हाळ्यात त्याच्यासाठी मुद्दाम जाऊ नये.