पहिला भाग टाकण्याआधी शेवटचा भाग हातात असू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजातले पाच-सहा जण मिळून आठ भागांची वेब सिरीज करताय, संहिता जवळजवळ तयार आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, ऑनलाइन टाकल्यावर कोणी कल्पना उचलली तर काय करायचं आणि मुळात बघणार कोण? तिन्हींबद्दल सांगतो. पण तुम्ही न विचारलेलं आधी, कारण आमचं घोडं तिथेच पेंड खायला लागलं होतं.

आम्ही सहा भाग लिहिले होते. पहिला शूट झाला, एडिट झाला आणि धीर निघेना. त्याच रात्री टाकून मोकळे झालो. ओळखीच्यांनी कौतुक केलं, 'पुढचा कधी?' सुरू झालं, आम्ही हवेत. दुसरा पंधरा दिवसांनी आला. तिसऱ्याच्या वेळी परीक्षा आडवी आली आणि ती संपेपर्यंत आमच्या नायिकेने केस कापले होते. पाठीवर रुळणारे होते ते थेट कानापर्यंत. गोष्टीत तिसरा भाग दुसऱ्याच्या पुढच्याच सकाळी सुरू होतो. आम्ही तिला टोपी घातली आणि घरात, सकाळी उठल्या उठल्या, टोपी घालून ती आईशी बोलते असा सीन शूट केला. तेही खपलं असतं. चौथ्याच्या आधी तिला नोकरी लागली आणि ती दुसऱ्या शहरात गेली. तिला काय दोष देणार? सहापैकी तीन भाग अजूनही ऑनलाइन आहेत आणि तिसरा 'दार कोणी वाजवलं?' इथे संपतो. ते कोणी वाजवलं हे आता फक्त आम्हा पाच जणांना माहीत आहे.

म्हणून सगळे भाग शूट होऊन किमान रफ कट (पहिलं कच्चं एडिट) लागल्याशिवाय पहिला टाकू नका. आठ जमणार नसतील तर चार करा. चार पूर्ण भागांची सिरीज ही सिरीज असते, आठांपैकी तीन म्हणजे अर्धवट काम. आणि शूट भागांच्या क्रमाने करू नका, जागेच्या क्रमाने करा. वर्गातले सीन पहिल्या भागातले असोत की सातव्यातले, एकाच दिवशी उरका. गच्चीवरचे सगळे दुसऱ्या दिवशी. यासाठी संहिता आधी पक्की हवी, 'जवळजवळ तयार' चालणार नाही. प्रत्येक सीन संपला की प्रत्येक नटाचा समोरून आणि पाठीमागून एक-एक फोटो काढून ठेवा: बाही दुमडलेली होती का, घड्याळ कोणत्या हातात होतं, केस कानामागे होते की पुढे. ही जबाबदारी एकाच माणसावर द्या आणि त्याला दुसरं काहीही काम देऊ नका. 'सगळे मिळून लक्ष ठेवू' याचा अर्थ कोणीच ठेवणार नाही.

लांबीबद्दल. एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट हा हिशोब संहितेच्या ठरावीक मांडणीसाठी आहे, वहीत लिहिलेल्या पानांना तो लागू पडत नाही. घड्याळ लावून सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा. जिथे वाचणाराच अडखळतो ते वाक्य नटही बोलू शकणार नाही, तिथल्या तिथे बदला. पहिल्या खेपेला भाग पाच-सात मिनिटांचा ठेवा आणि शूटच्या एका दिवसात तीन-चार मिनिटांच्या चित्रणापेक्षा जास्त धरू नका. पहिल्या दिवशी तेवढंही होणार नाही.

आपल्याजवळ काय नाही हे बघून गोष्ट निवडली तर बरीच डोकेदुखी वाचते. २०१२-१३ मध्ये 'द लिझी बेनेट डायरीज' नावाची सिरीज आली होती. १०० छोटे भाग, बहुतेक वेळ एकच खोली, एका जागी ठेवलेला कॅमेरा आणि त्याच्याकडे बघून बोलणारी नायिका. गोष्ट जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या कादंबरीवरची, म्हणजे हक्कांची मुदत केव्हाच संपलेली. २०१३ मध्ये तिला एमी हा अमेरिकेतला टीव्ही पुरस्कार मिळाला. करणारे नवशिके नव्हते हे कबूल, पण युक्ती सगळ्यांना घेण्यासारखी आहे: नायिका व्हिडिओ डायरी करते म्हटल्यावर कॅमेरा न हलणं हा दोष राहत नाही, तो गोष्टीचाच भाग होतो. तुमच्या आठ भागांत पाठलाग, पाऊस आणि लग्नाची गर्दी असेल तर आत्ताच कात्री लावा.

आता कॅमेरा. घेऊ नका. तुमच्यापैकी ज्याचा फोन सगळ्यात चांगला असेल तो वापरा, पैसे ट्रायपॉडवर आणि माइकवर घाला. फोन आपला आपण प्रकाश आणि फोकस बदलत राहतो, ते लॉक करा, नाहीतर कोणी खिडकीसमोरून गेलं की अख्खी खोली कधी अंधारी, कधी भगभगीत होत राहते. मॅन्युअल सेटिंग देणारं अॅप मिळालं तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २४ किंवा २५ ठेवा आणि सगळ्या भागांत तोच ठेवा. शटरचं, म्हणजे एकेक चित्र टिपायला कॅमेरा सेकंदाचा केवढा भाग घेतो त्याचं, एक लक्षात असू द्या: जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की चित्रात सरकणारे पट्टे दिसत नाहीत. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं, आणि एडिटला बसल्यावर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आणखी एक फोनची खोड. बरेच फोन फ्रेम रेट आतल्या आत कमी-जास्त करत रेकॉर्ड करतात. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांशी जुळतो आणि चार मिनिटांनी मागे-पुढे व्हायला लागतो. आम्ही दोन रात्री समजत होतो की एडिटिंगचं सॉफ्टवेअरच बिघडलंय. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर टाका.

चित्र थोडं कमी-जास्त असलं तर लोक चालवून घेतात. संवाद ऐकू आला नाही की ते पुढच्या व्हिडिओवर गेलेच. फोनचा माइक दोन मीटरवरून सगळ्यात आधी पंखा ऐकतो, मग भिंतींचा घुमारा आणि मग जमलं तर नटाला. साधा कॉलर माइक घ्या. तोही नसेल तर दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर चालू करून तो नटाच्या वरच्या खिशात ठेवा, किंवा फ्रेमच्या जरा बाहेर, तोंडापासून हातभर अंतरावर. दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाली की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. तळवे एकमेकांना लागतात ती फ्रेम आणि आवाजातलं ते टोक एकावर एक आणलं की जुळणी झाली. टाळीआधी सीन आणि टेकचा आकडा मोठ्याने बोला. दोनशे फाइल्स समोर असताना त्या आवाजाला दुवा द्याल.

खोलीत शिरल्यावर एक मिनिट सगळे गप्प उभे राहा आणि ऐका. फ्रिजची घरघर रोज ऐकून कानाला कळेनाशी झालेली असते. तो बंद करा आणि बंद करणाऱ्याने आपल्याच गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. निघताना किल्ली शोधावी लागते आणि फ्रिज पुन्हा चालू करायचा राहत नाही. आम्ही एकदा ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मित्राच्या आईने फ्रिजचं दार उघडलं, आणि त्या घरात पुन्हा शूटिंग झालं नाही. पॅकअप करण्याआधी त्याच खोलीतली तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, संवादांच्या मधली भोकं बुजवायला तीच लागते.

फाइल्स त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा, आणि दोन्ही एकाच बॅगेत नेऊ नका.

चोरीची भीती. नुसत्या कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो. 'वसतिगृहात भूत' ही कल्पना कोणीही घेऊ शकतो. तुम्ही लिहिलेले संवाद, प्रसंगांची मांडणी, शूट केलेलं चित्रण यावर मात्र हक्क असतो, आणि बर्न करार (लेखन-कलेच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) पाळणाऱ्या देशांत तो लिहिल्याक्षणी मिळतो, नोंदणीची अट नसते. तारखेसह मसुदे जपून ठेवा म्हणजे झालं. खरं सांगायचं तर विद्यार्थ्यांची सिरीज बाहेरचा माणूस सहसा चोरत नाही, भांडण आपसातच होतं. दिग्दर्शक म्हणतो माझी, लिहिणारा म्हणतो माझी, आणि चॅनेलचा पासवर्ड असतो तिसऱ्याकडे, जो आता फोन उचलत नाही.

मैत्रीत कसले कागद, असं वाटेल. तरी शूटच्या आधी एक पान लिहा. श्रेयनामावलीत कोणाचं नाव कशासाठी येणार. कोणी मधेच सोडून गेलं तर तोपर्यंतचं चित्रण बाकीचे वापरू शकतात का. सिरीज कुठे टाकायची हे कोण ठरवणार, पैसे आले तर वाटणी कशी. खातं एकाच्या खासगी ईमेलवर नको, सिरीजसाठी नवीन ईमेल काढा आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा. कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या, कोणी अठराच्या आतलं असेल तर पालकांची. कॉलेजच्या आवारात शूट करायचं तर परवानगीही कागदावर घ्या. तोंडी 'हो' म्हणणारे सर शूटच्या दिवशी रजेवर असतात.

संगीतात सगळ्यात जास्त लोक फसतात. 'दहा सेकंदांपर्यंत चालतं' असा कुठलाही सरसकट नियम नाही. 'सर्व हक्क मूळ मालकांचे' असं खाली लिहिल्यानेही काही होत नाही, उलट गाणं दुसऱ्याचं आहे हे आपणच कबूल करतो. रचना जुनी, म्हणून मोफत, असंही नाही: शंभर वर्षांपूर्वीच्या चालीवर हक्क नसेल, पण मागच्या वर्षी कोणी ती वाजवून रेकॉर्ड केली असेल तर त्या रेकॉर्डिंगवर असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर मोफत वापरू देणाऱ्या परवान्याचं, संगीत शोधताना परवान्याची अक्षरं वाचा. 'बीवाय' म्हणजे नाव द्या. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नको, म्हणजे पुढे जाहिराती लावायचा विचार असेल तर ते टाळा. 'एनडी' म्हणजे बदल नको, आणि व्हिडिओखाली संगीत जोडणं हाही त्यांच्या हिशोबात बदलच, म्हणून ते तुमच्या कामाचं नाही. 'मोफत आहे' असं सांगून मित्राने पेनड्राइव्हमध्ये दिलेल्या संगीतावर तर अजिबात विसंबू नका. आमच्या दुसऱ्या भागावर यूट्यूबवर हक्काचा दावा आला तो अशा संगीतामुळेच. कॉलेजात गिटार किंवा हार्मोनियम वाजवणारं कोणीतरी असतंच. त्याला टीममध्ये घ्या, वरच्या कागदावर त्याचीही सही घ्या.

यूट्यूबवर दावा आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत, घाबरून गल्लत करू नका. कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून आहे, ती आवाज आपोआप जुळवते आणि दावा लावते. त्यात बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा व्हिडिओ काही देशांत दिसत नाही. दावा चुकीचा वाटला तर हरकत घेता येते, समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. स्ट्राइक, म्हणजे हक्कमालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून दिलेली ताकीद, गंभीर: ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल जाऊ शकतं. आणि तुमचं स्वतःचं काम तुम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली देणार असाल तर विचार करून द्या, दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

बघणार कोण? सुरुवातीला ओळखीचे, आणि ते खोटं बोलतात. रफ कट अशा तिघांना दाखवा ज्यांना गोष्ट माहीत नाही. 'कसं वाटलं' विचारू नका. त्यांच्या बाजूला बसा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. हात फोनकडे कधी गेला ती वेळ टिपा. तिघांचा हात एकाच जागी गेला तर तो सीन कापा, तुमचा कितीही लाडका असो. आमच्या पहिल्या भागात नावांची पाटी चाळीस सेकंद चालायची, ड्रोनसह. तिघांचेही हात तिथेच फोनकडे गेले. नावं शेवटी न्या, सुरुवात थेट प्रसंगाने करा. सबटायटल स्वतः टाइप करा, यंत्राने काढलेली तशीच सोडू नका. आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात, शिवाय ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही बघता येतं. शीर्षकात भागाचा क्रमांक घाला आणि सगळे भाग एका प्लेलिस्टमध्ये लावा, नाहीतर लोक पाचव्यापासून सुरू करून 'काही कळलं नाही' म्हणतात. मग ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकेक भाग. सगळे तयार असतील तर ते जमतं, नसतील तर काय होतं ते वर लिहिलंय. महोत्सवांना पाठवायचा विचार असेल तर आधी त्यांचे नियम वाचा, काहींना आधीच सगळ्यांसाठी खुलं झालेलं काम नको असतं.

शेवटची एक तांत्रिक गोष्ट. यूट्यूबवर चढवलेली फाइल तीच लिंक ठेवून बदलता येत नाही. चूक सापडली तर व्हिडिओ काढून पुन्हा टाकायचा, म्हणजे तोपर्यंतचे व्ह्यूज, कॉमेंट आणि लोकांनी पुढे पाठवलेल्या लिंका सगळं गेलं. म्हणून आधी 'अनलिस्टेड', म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा, ठेवून टाका. सुरुवातीला चित्र धुरकट दिसेल, चांगल्या दर्जाची प्रत तयार व्हायला वेळ लागतो. ती आली की दुसऱ्याच कोणाच्या फोनवर, इयरफोन न लावता, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या नावापर्यंत बघा आणि मगच सगळ्यांसाठी खुला करा. आमच्या पहिल्या भागात दिग्दर्शकाच्या आडनावात एक अक्षर चुकलेलं आहे. चार दिवसांनी दिसलं, तोवर कॉमेंट बऱ्याच आल्या होत्या, म्हणून तसंच ठेवलं. दिग्दर्शक मीच होतो.