पावसातली पहिली शर्यत

बाळा, आपल्या सोलापुरात पाऊस तो कितीसा! म्हणून आपली पोरं चेन्नईच्या कार रेसिंगच्या ट्रॅकवर भिजली की गडबडतात. कोरड्यात जी लाइन, म्हणजे सगळ्या गाड्या धरतात ती वाट, सोन्यासारखी, तीच ओल्यात घात करते. तिथं टायरचं रबर बसलेलं असतं, पाणी पडलं की साबणच. एक गाडीभर बाहेर सरक, खडबडीत डांबरावर पकड सापडते. वळणाच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बला शिवूसुद्धा नकोस. 1993 ला इंग्लंडातल्या डॉनिंग्टनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत आयर्टन सेना पाचव्यावरून पहिल्याच लॅपमध्ये (फेरीत) पुढं आला, त्यात वेंडलिंगर या ड्रायव्हरला बाहेरून मागं टाकलं, ते नीट बघ.

चाकाला चाक लागलं की हट्ट सोड. पुढच्याच्या थेट मागं राहू नकोस, फवाऱ्यात ब्रेकची खूण दिसत नाही. अर्धी गाडी बाजूला राहा. ब्रेक लवकर, पाय हलका.

टायरचा निर्णय मात्र पिटवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेला बसलेल्या टीमवर, सोडून निवांत बसू नकोस. 'ऊन पडेल, थांब' असं ऐकून मी दोन लॅप स्लिकवर, म्हणजे बिनखाचांच्या कोरड्यातल्या टायरवर, काढले आणि वाळूत रुतलो. टीमशी बोलणं बंद. शेवटी कडक भाकरी-शेंगा चटणीच्या डब्यानं समेट केला.

हेल्मेटच्या काचेला, व्हायझरला, आतून भांड्याच्या लिक्विडचा थेंब चोळ, धुकं धरत नाही.