शब्दचर्चा : ‘सेग्रिगेशन’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेवरचा मजकूर मराठीत आणताना सेग्रिगेशन, डिसेग्रिगेशन आणि इंटिग्रेशन हे तीन शब्द पानोपानी भेटतात. त्यांना अनुक्रमे वर्णभेद, वर्णभेद-निर्मूलन आणि एकात्मता म्हटले तर चालेल का?

पहिला शब्द ढोबळ अर्थाने चालून जातो. दुसरा दिशाभूल करतो आणि तिसरा साफ चुकतो.

वर्णभेद माणसाच्या मनात आणि वागण्यात असतो. तो शिकागोतही होता आणि अलाबामातही. सेग्रिगेशन ही त्या भेदावर उभी केलेली व्यवस्था आहे : कोणी कुठे बसायचे, कुठल्या नळाचे पाणी प्यायचे, कुठल्या शाळेत नाव घालायचे. दक्षिणेतल्या राज्यांत ती कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली होती आणि १८९६च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ म्हणत तिला मान्यता दिली होती. शिवाय मराठीत ‘वर्ण’ म्हटले की रंगाबरोबर चातुर्वर्ण्यही डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या संदर्भात म्हणूनच ‘वांशिक’ हे विशेषण जास्त स्वच्छ.

व्यवस्था म्हणजे नेमके काय, हे अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहराच्या बसमध्ये दिसते. बसमध्ये ३६ जागा. पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव. मधल्या जागांवर कृष्णवर्णीयांना बसता येई, पण गोरा प्रवासी आला की उठावे लागे. तेही एकाला नव्हे, सबंध रांगेला, कारण गोरा आणि कृष्णवर्णीय यांनी एका रांगेत बसायचे नाही असा दंडक. १ डिसेंबर १९५५ रोजी एका गोऱ्या प्रवाशासाठी चालकाने चौघा कृष्णवर्णीयांना उठायला सांगितले. तिघे उठले, रोझा पार्क्स उठल्या नाहीत. त्या ‘गोऱ्यांच्या जागेवर बसल्या होत्या’ असे मराठीत सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. त्या राखीव दहा जागांच्या मागे बसल्या होत्या.

इथे कोणाला ‘पंक्तिभेद’ हा शब्द सुचेल. पण पंक्तिभेद एकाच पंगतीत होतो : बसलेत सगळे एकत्र, फक्त तूप एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी. मॉन्टगोमेरीत पंगतच वेगळी होती. आपल्याकडचा ‘वेगळा पाणवठा’ त्याच्या बराच जवळ जातो. तरीही ‘अस्पृश्यता’ हा प्रतिशब्द म्हणून वापरू नये. दक्षिणेतल्या गोऱ्या घरांत स्वयंपाक करायला आणि मुले सांभाळायला कृष्णवर्णीय बायका असत. स्पर्शाने विटाळ होतो, हा त्या व्यवस्थेचा पाया नव्हता. तुलना मात्र जरूर करावी. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली होती. दोन प्रश्नांतले साम्य त्यांना पुरते ठाऊक होते.

आता उरलेले उमेदवार. ‘पृथक्करण’ म्हणजे मराठीत विश्लेषण. ‘विभाजन’ देशाचे किंवा राज्याचे होते. ‘विलगीकरण’ २०२० नंतर रुग्णाला चिकटले आहे. राहता राहिला ‘विभक्त’. त्याची अडचण अशी की भाऊ विभक्त होतात, नवरा-बायको विभक्त राहतात. त्यात कोणी कोणाला दूर केले, हे कळत नाही. सेग्रिगेशनमध्ये तर सगळे मर्म तिथेच आहे. म्हणून नाम हवेच असेल तर ‘सक्तीची वांशिक विभक्तता’ म्हणावे, आणि वाक्यात शक्य तिथे क्रियापद वापरावे : ‘वेगळे ठेवणे’. ‘कृष्णवर्णीय मुले वेगळ्या शाळेत जात’ आणि ‘कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळेत ठेवले जाई’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात सक्ती नाहीशी होते. एकदा खुलासा केल्यावर पुढे नुसते ‘सेग्रिगेशन’ लिहिले तरी हरकत नाही.

डिसेग्रिगेशन म्हणजे ही सक्ती उठवणे, जशी बंदी उठवतात तशी. ‘वर्णभेद-निर्मूलन’ म्हटले तर १९५४ साली अमेरिकेतला वर्णभेद संपला असे वाचकाला वाटेल. १७ मे १९५४च्या ब्राउन खटल्यात नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, एवढेच झाले होते. पुढच्या वर्षीच्या आदेशात अंमलबजावणीसाठी ‘ऑल डेलिबरेट स्पीड’ असे जे शब्द आले, त्यांचे भाषांतर ‘यथाशीघ्र’ असे करू नये. मूळ शब्दांत वेग आहे, तसाच ‘विचारपूर्वक, सावधपणे’ हा भावही आहे, आणि त्याच फटीतून दक्षिणेतल्या राज्यांनी दहा वर्षे काढली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ पासून १९६४ पर्यंत सरकारी शाळाच बंद ठेवल्या.

इंटिग्रेशन ही त्यापुढची पायरी : मुले खरोखर एका वर्गात येणे. सक्ती उठली म्हणून मिसळणे आपोआप होत नाही, आणि अमेरिकेतला १९७०च्या दशकातला सगळा वाद या दोहोंमधल्या अंतराचा आहे. १९७१च्या स्वॉन खटल्यानंतर मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत नेण्याला न्यायालयाची मान्यता मिळाली. १९७४ मध्ये बॉस्टनमध्ये त्यावरून दंगे झाले. ‘एकात्मता’ इथे शोभत नाही. ‘राष्ट्रीय एकात्मता’ हा भावनेचा शब्द आहे आणि इथे मुद्दा कुठल्या मुलाने कुठल्या बाकावर बसायचे हा आहे. ‘सहशिक्षण’ सुचते, पण ते मराठीत मुलामुलींच्या एकत्र शिक्षणासाठी रूढ आहे. ‘मिश्र शाळा’, ‘एकत्र वर्ग’ असे साधे शब्द पुरतात.

सेग्रिगेशनच्या जोडीला ‘डे ज्युरे’ आणि ‘डे फॅक्टो’ ही लॅटिन विशेषणे येतात. पहिल्याला ‘कायद्याने लादलेली’ हे ठीक. दुसऱ्याला ‘रूढीने आलेली’ म्हणण्याचा मोह टाळावा. उत्तरेतल्या शहरांत वस्त्या वेगळ्या झाल्या त्यात नुसती रूढी नव्हती. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून त्या कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ उभ्या राहिलेल्या लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या करारांत बिगर-गोऱ्यांना घर वापरू देऊ नये, अशी अटच होती. ‘प्रत्यक्षात असलेली’ एवढेच म्हणावे आणि कारणे मजकुरात सांगावीत.

दोन किरकोळ सूचना. ‘जिम क्रो कायदे’ तसेच ठेवावेत. ‘जिम क्रो यांनी केलेले कायदे’ असे कधीही लिहू नये. जिम क्रो हे तोंडाला काळे फासून नाचणाऱ्या एका गोऱ्या नटाचे एकोणिसाव्या शतकातले सोंग होते, कायदे करणारा माणूस नव्हे. आणि ‘निग्रो’ हा शब्द त्या काळच्या संस्थांच्या नावांत व अवतरणांत मूळ असेल तसा राहू द्यावा. आपल्या निवेदनात ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ लिहावे.