तिन्ही हाउसिंगमध्ये एकच तेल भरलंय? आधी ट्रान्स्फर केस तपासा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. फोर बाय फोर ट्रक सर्व्हिसला दिला, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधली, डाव्या-उजव्या चाकाला वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) आणि ट्रान्स्फर केस (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला वाटणारी पेटी) या तिन्हींत त्यांनी एकाच बॅरलमधलं ८५डब्ल्यू-१४० हे जाड गिअर ऑइल भरून दिलं, आता सकाळी गाडी जड चालते, वळवताना मागून कटकट येते, आणि महागडं सिंथेटिक टाकलं तर हे थांबेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या ट्रकचंही अगदी हेच झालं होतं. मी मेकॅनिक नाही, पण या दुखण्याने माझं एक वर्ष खाल्लंय, तेव्हा जे कळलं ते लिहितो. शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच.

सिंथेटिक की मिनरल हे नंतर बघू. तुमची ट्रान्स्फर केस चेनची आहे की पूर्ण गिअरची, ते आधी शोधा. गिअरवाल्या बऱ्याच केसेसना गिअर ऑइलच लागतं. चेनवाल्यांना मात्र बहुतेक वेळा एटीएफ लागतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, आणि ज्यांच्यात आपोआप लागणारी क्लच असते त्यांना तर कंपनीचं ठरावीक तेलच चालतं. चेनच्या केसमध्ये वरच्या शाफ्टवर एक छोटा पंप बसवलेला असतो. तो तळातून जाळीमधून तेल ओढून वरच्या बेअरिंगला आणि प्लॅनेटरीला (हाय-लो बदलणाऱ्या गिअरच्या संचाला) पोचवतो. एटीएफ १०० अंश सेल्सियसला साधारण ७ सेंटिस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप, आकडा मोठा तेवढं तेल जाड) असतं, १४० ग्रेडचं तेल त्याच तापमानाला २४ ते ३२.५. हे झालं गरम असताना. थंड असताना ते जाळीतून ओढायचं म्हणजे त्या पंपाचं काम नाही.

माझी केस उघडली तेव्हा चेन ठणठणीत होती. खालची बेअरिंगंही बरी, कारण ती तेलातच बुडालेली. वरच्या शाफ्टचं बेअरिंग मात्र निळं-काळं पडलेलं, फिरवलं की रोलर खडखडत होते, आणि थ्रस्ट वॉशर (शाफ्टचा आडवा रेटा झेलणारी चकती) कागदासारखा झिजलेला. केसमध्ये तेल काठोकाठ होतं. लेव्हल तपासणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की सगळं ठीक आहे.

खरा मनस्ताप पुढे सुरू झाला. वॉरंटीवाल्यांनी लिहून दिलं, ‘चुकीचे तेल वापरल्याने दावा नामंजूर’. तेल भरलं होतं त्यांच्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरने. पण बिलावर काय, तर ‘गिअर ऑइल, तीन जागा’. ग्रेड नाही, जीएल (गिअर ऑइलचा एपीआय दर्जा) नाही, तेलाचं नाव नाही. सर्व्हिस सेंटर म्हणे, आम्ही पुस्तकाप्रमाणेच भरलं. वॉरंटीवाले म्हणे, तुम्ही नंतर बदललं नाही हे सिद्ध करा. वरच्या ऑफिसला लिहिलं की दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून. काढलेल्या तेलाचा नमुना कुणी ठेवला नव्हता, आणि मागितला तेव्हा बॅरलची नोंदही मिळाली नाही. शेवटी खर्च माझ्याच खिशातून गेला. अजून राग येतो, कारण हे टाळायला जॉब कार्डवर एक ओळ पुरली असती.

म्हणून आजच सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या की कोणत्या हाउसिंगमध्ये कोणतं तेल, कोणत्या ग्रेडचं, किती लिटर. तेल काढाल तेव्हा स्वच्छ बाटलीत थोडं वेगळं ठेवा आणि तारीख टाका. देत नसतील तर ईमेल करा, उत्तर नाही आलं तरी तो तुमच्याकडे पुरावा राहतो.

आता डिफरन्शियल. क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधला मोठा आणि छोटा गिअर) हायपॉइड असेल, म्हणजे छोट्या गिअरचा शाफ्ट मोठ्याच्या मध्यरेषेपासून बाजूला असेल, आणि ट्रकच्या ड्राइव्ह अॅक्सलमध्ये बहुधा असतंच, तर एपीआय जीएल-५ च लागतं. त्यात दात एकमेकांवर घासत सरकतात, जीएल-४ मधली दाबाची रसायनं तिथे कमी पडतात. याच्या उलट, पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर ‘पाच म्हणजे चारपेक्षा भारी’ असं समजून जीएल-५ ओतू नका. त्यातलं गंधक पितळ खाऊ शकतं आणि सिंक्रोची पकडही बिघडते. डब्यावर एसएई जे२३६० (गिअर ऑइलच्या कडक चाचण्यांचं मानक) ची मंजुरी असेल तर मला जास्त भरवसा वाटतो.

ग्रेडबद्दल माझं मत जरा कडक आहे. कायम भरलेला, घाट चढणारा ट्रक आणि गरम हवा असेल, आणि मॅन्युअल परवानगी देत असेल, तर मागच्या अॅक्सलला १४० योग्य. पुढच्या, क्वचित लागणाऱ्या डिफला ते टाकण्यात मला काही अर्थ दिसत नाही. डिफची घरघर दाबायला जाड तेल भरणारे मिस्त्री तर मला अजिबात पटत नाहीत. आवाज बेअरिंगचा किंवा बॅकलॅशचा (गिअरच्या दातांमधल्या मोकळ्या जागेचा) असतो, तेलाने तो फक्त झाकला जातो. आणखी एक, पुस्तक २००५ च्या आधीचं असेल तर त्यातलं ‘९०’ आणि आजचं ‘९०’ एक नाही. पूर्वी ती ग्रेड १३.५ पासून २४ सेंटिस्टोकपर्यंत जायची, आता १८.५ च्या आत संपते आणि त्यापुढचा भाग ११० म्हणून वेगळा झालाय. (इंजिन ऑइलच्या आकड्यांशी याची तुलना करू नका, ते माप वेगळं.)

तुमची वळतानाची कटकट. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लागलेलं राहिलं नाही ना, ते आधी बघा. नसेल तर मागे क्लचवालं लिमिटेड स्लिप डिफ (एकच चाक घसरून फिरत राहू नये म्हणून आत क्लच प्लेट्स असलेलं) असण्याची शक्यता आहे. हाउसिंगच्या बोल्टला कधी कधी पत्र्याचा टॅग असतो, चिखल खरवडून वाचा. तसं असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेट्सचं घर्षण गुळगुळीत करणारं मिश्रण) हवा. काही तेलांत तो आधीच असतो, तेव्हा डबा वाचून मगच वरून घाला, जास्त झाला तर डिफची पकड जाते. घातल्यावर मोकळ्या मैदानात हळूहळू आठच्या आकड्यात गाडी फिरवा, म्हणजे तेल प्लेट्समध्ये शिरतं.

तेल काढताना फिलर प्लग आधी सैल करा, ड्रेन नंतर. फिलर जाम निघाला तर रिकामं हाउसिंग घेऊन बसावं लागतं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर करडी मऊ पेस्ट असणारच, पण नखाला टोचणारा तुकडा दिसला तर तेल भरू नका, आधी कव्हर उघडा. ब्रीदरही (हाउसिंगची हवा जाण्या-येण्याची नळी) साफ करा, तो तुंबला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर काढतो आणि लोक सीलच बदलत बसतात. अॅक्सलच्याच तेलावर चालणारे हब उघडले असतील तर थोडं चालवून लेव्हल पुन्हा बघा, हबमध्ये तेल गेलं की डिफचं उतरतं.

टॅगचा आणि ट्रान्स्फर केसवरच्या प्लेटचा फोटो इथे टाका, बघून सांगतो. तोवर लांबची फेरी घेऊ नका. चेनची केस निघाली तर ते १४० काढा, योग्य तेल भरून थोडं चालवा आणि पुन्हा एकदा बदला, कारण पहिल्या वेळी बरंच जाड तेल आत चिकटून राहतं.