अपडेटनंतर फोन तापतो, बँकेचं ॲप उघडत नाही

प्रश्न : चार दिवसांपूर्वी फोनचं अँड्रॉइड अपडेट केलं. तेव्हापासून बॅटरी दुपारीच संपते, फोन तापतो, बँकेचं ॲप उघडलं की लगेच बंद पडतं. दुकानदार ‘फॉरमॅट मारा’ म्हणतो. मारू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात नको. (दुकानदारांना हा उपाय सोपा, फोटो जातात ते तुमचे.) अपडेटनंतर अँड्रॉइड सगळी ॲप्स नव्याने जुळवून घेतं. हे काम मुख्यतः फोन चार्जिंगला आणि पडून असताना चालतं. दोन-तीन रात्री कव्हर काढून फोन वायफायवर, चार्जिंगला ठेवा. तरीही फरक नसेल, तर सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी’त कोणतं ॲप जास्त खातंय ते पाहा.

आता बँकेचं ॲप. आधी प्ले स्टोअरवरून ते अपडेट करा आणि सोबत ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ व क्रोमही. अनेक ॲप्स आपली पानं वेबव्ह्यूतूनच दाखवतात; मार्च २०२१मध्ये त्याच्या सदोष आवृत्तीमुळे जगभर ॲप्स धडाधड बंद पडली होती. मग फोन रीस्टार्ट करा. तरी अडलं, तर सेटिंग्ज, ॲप्स, बँकेचं ॲप, स्टोरेज या वाटेने जाऊन ‘क्लिअर कॅशे’ दाबा. शेजारचं ‘क्लिअर डेटा’ सर्वांत शेवटी, कारण त्यानंतर नोंदणी पुन्हा करावी लागते; बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि एसएमएसपुरता बॅलन्सही. व्हॉट्सॲपवर मात्र बॅकअप न घेता ते दाबलंत, तर चॅट गेलेच समजा.